वाळवंटातला सेतुरक्षक

वजन-मापे तपासणाऱ्या खात्यात मी सव्वीस वर्षं काढली आहेत. दुकानातला काटा चुकीचा निघाला की तो ताब्यात घ्यायचा, आणि दुकानदार काय म्हणतो ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, हे माझं काम. असा माणूस शनिवारी दुपारी चार वाजता जेवणाच्या टेबलावर कागदी नकाशा पसरतो आणि तीन चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांना सांगतो, की तुमच्यासमोर आत्ता एक तीन डोक्यांचा राक्षस उभा आहे. खात्यात हे कुणाला माहीत नाही. माहीत झालं तर माझा उरलासुरला दराराही जाईल.

खेळ साधा आहे. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि वार बसला की हुकला हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. गोष्ट रचणारा अर्थात मी. हे काम दुसऱ्या कुणाला जमेल असं मला कधी वाटलं नाही, आणि दुसऱ्या कुणी ते मागितलंही नाही.

प्रत्येक पात्राचा एक वर्ग असतो: योद्धा, जादूगार, वैद्य, चोर. माझं एवढ्यावर भागेना. नुसता वैद्य म्हणजे काय? कशाचा वैद्य? म्हणून मी खास वर्गांचं स्वतःचं नियमपुस्तक लिहिलं. दोनशे बारा पानं, हाताने. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना मी फक्त सर्पदंशाचा वैद्य केलं. बायकोला वाऱ्याची जादूगारीण केलं. ती वारा हवा तेव्हा थांबवू शकते. आणि माझा साडू म्हणाला, "साडूभाऊ, मला पूल सांभाळणारा कुणीतरी करा."

मी त्याला सेतुरक्षक केलं. नियम एक्केचाळीस: 'सेतुरक्षक पुलावर उभा असेल तर त्याच्या परवानगीशिवाय कोणीही पलीकडे जाऊ शकत नाही. कोणीही.' दुसऱ्या 'कोणीही'वर मी इतका खूश झालो, की त्याच्याखाली रेघ मारली.

मग मी मोहीम सुरू केली ती वाळवंटात.

वाळवंटात नद्या नसतात, म्हणून पूल नसतात, ही चौथीच्या मुलाला कळणारी गोष्ट दोनशे बारा पानं लिहिणाऱ्या विद्वानाच्या डोक्यात आली नाही. एक-दोन शनिवार नव्हे, दोन वर्षं आली नाही.

साडू लिफ्ट दुरुस्त करतो. तोही खास वर्गातलाच: जाळीच्या सरकत्या दाराच्या जुन्या लिफ्ट, ज्या आता शहरात मोजून अकरा उरल्या आहेत. बुटका, शर्टाच्या खिशात कायम पेचकस, बोलणं बेताचं. यंत्र बिघडलं की आधी भिंतीला कान लावून ऐकतो. दोन वर्षं तो दर शनिवारी चारला पाच कमी असताना यायचा, चपला नीट जोडून ठेवायचा आणि खेळात उंटांचे दोर धरून उभा राहायचा. त्याची पाळी आली की म्हणायचा, "मी मागे लक्ष ठेवतो." मी बायकोला म्हणालो होतो, "तुझ्या बहिणीचा नवरा जरा थंडच आहे." हे मी म्हणालो होतो, ज्याने त्याच्या हातात पूल नसलेला सेतुरक्षक दिला होता.

मग त्याची बदली झाली. रेल्वेने नऊ तासांवरच्या शहरात, जिथे अजून तशा सत्तर लिफ्ट आहेत. निघायला पंधरा दिवस होते. शेवटच्या आठवड्यात मेहुणी सामान बांधायला रिकामी खोकी न्यायला आली आणि जाता जाता सहज म्हणाली, "भावजी, तुमच्या त्या गोष्टीत पूल कधी येणार हो? दर शनिवारी हे घरी आले की मी विचारते, आला का पूल? हे म्हणतात, बहुतेक पुढच्या वेळी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा एकच मित्र आहे आणि तो साडू आहे, हेही मला तेव्हाच, हातात खोकं धरून उभा असताना कळलं. जायच्या आधी त्याला एकदा तरी त्याचा पूल मिळायला हवा होता, आणि माझ्याकडे एकच शनिवार होता.

त्या शनिवारी वाळवंटात एक खोल दरी उगवली. दरीवर दोरांचा झुलता पूल. बायको म्हणाली, "मागच्या आठवड्यात इथे सपाट वाळू होती ना?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पलीकडून तीनशे शत्रू चालून येत होते. साडू एकटा त्यांना अडवणार, आणि मग मी त्याच्या शौर्यावर दीड पानाचं भाषण वाचणार, असा बेत होता. बाथरूममध्ये मी त्याचा दोनदा सरावही केला होता.

साडूने खुर्ची पुढे ओढली. चष्मा लावला.

"दोर काथ्याचे की तारेचे?"

"काथ्याचे," मी सुचेल ते सांगितलं.

"शेवटचे कुणी तपासले? तारीख?"

हा प्रश्न मी आयुष्यभर दुकानदारांना विचारत आलो. त्यांची त त प प का होते, ते मला त्या दिवशी समजलं.

"मग पूल बंद," साडू म्हणाला. "मी बघून होईपर्यंत कुणी चढायचं नाही."

"अहो, शत्रूला अडवायचंय!"

"त्यालाच अडवतोय. तीनशे माणसं चढली तर पडतील ना हो."

डॉक्टरांनी नियमपुस्तक उघडलं. "एक्केचाळीस. कोणीही. खाली रेघपण आहे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही.

मग काय, माझ्या क्रूर सेनापतीला साडूने सैन्यासकट सावलीत बसवलं. फळ्या हलू नयेत म्हणून बायकोकडून वारा थांबवून घेतला. दगडांखाली साप असतील म्हणून डॉक्टरांना पुढे घातलं. पहिला अर्धा तास मी धुमसत होतो. भाषण खिशात चुरगळत होतं. मग माझ्या लक्षात आलं, साडू बोलतोय. दोर बाहेरून धडका दिसतो पण आतून आधी झिजतो, ते सांगतोय. एकदा त्याने सात मजल्यांची इमारत चार दिवस जिन्याने चढायला लावली होती. "फार शिव्या खाल्ल्या," तो म्हणाला, "पण शिव्या द्यायला सगळे शिल्लक होते." दोन वर्षांत मिळून तो जेवढं बोलला नव्हता तेवढं त्या तीन तासांत बोलला, आणि आम्ही तिघं खुर्च्या सरकवून ऐकत बसलो.

सात वाजता तो उठला.

"उघडला का पूल?" मी विचारलं.

"नाही. पलीकडचा खांब राहिलाय."

सोमवारी ते दोघं गेले. आमची मोहीम दरीकाठी अडकली ती अडकलीच. बायको म्हणते, "नियम तुमचा, पेन तुमचं. खोडून टाका की." खोडत नाही. दर शनिवारी चारला मी फोन लावतो. साडू खांबावर काय काम करणार ते सांगतो, मी फासा टाकतो, आणि खांब काही दाद देत नाही. मग तास-दीड तास तिकडच्या लिफ्टच्या गप्पा होतात. तिथे त्याची अजून कुणाशी ओळख झालेली नाही. तो तसं म्हणत नाही, पण फोन पहिल्या घंटीला उचलतो.

गेल्या शनिवारी फासा घरंगळत टेबलाच्या कडेला गेला आणि थांबला. वीस. खांब पक्का झाला, पूल उघडायला आता कसलीच अडचण उरली नाही. डॉक्टरांनी पाहिलं, बायकोने पाहिलं. डॉक्टरांनी नियमपुस्तक मिटलं.

"किती पडले?" साडूने फोनवर विचारलं.

"तीन," मी म्हणालो.

"अरेरे. मग पुढच्या शनिवारी बघू," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात वाईट वाटल्याचं जराही जाणवत नव्हतं.