समोरच्या दुकानातला माझा संगणक

मला संगणक विकणाऱ्याने फसवलं. घासाघीस करून मी माझा जुना संगणक त्याच्या गळ्यात मारला आणि नव्याचा भाव पाडला. पण जुनी सिस्टिम नव्या संगणकावर चालतच नाही, हे तो बोलला नाही. लग्नपत्रिकांसाठी मी आयुष्यभर काढलेल्या वेलबुट्ट्या त्या सिस्टिमशिवाय उघडत नाहीत.

आज खंडेनवमी. समोरच्या वसंताच्या छापखान्यात माझा तोच जुना संगणक झेंडूची माळ घालून बसला आहे. विक्रेत्याने तो त्यालाच विकला. पडदा उजळला, ओळखीचं चित्र आलं. माळ मी माझ्या नव्यालाही घातली आहे, पण तो माझं काहीच ओळखत नाही.

"शेठ, प्रसादाला या!" वसंता ओरडला. "तुमचा डबा अजून पळतोय. फायली आणा, उघडून देतो."

"डबा कोणाला म्हणतोस रे? आणि माझ्याच संगणकापुढे मी हात पसरू?"

त्याच्या दारातूनच पेढा न घेता परतलो. यंत्र झिजलं असतं तर मी गप्प बसलो असतो. ते धडधाकट आहे, माझा हातही धडधाकट आहे. कुठल्या तरी कंपनीत कोणीतरी ठरवलं की ही सिस्टिम आता नव्या यंत्रांवर चालणार नाही. नोकराला काढताना लोक हातात नारळ तरी ठेवतात. माझं अख्खं काम मोडीत काढताना मला कोणी विचारलंसुद्धा नाही. ज्याने हे ठरवलं, त्याने माझ्या दुकानात यावं, या खुर्चीत बसावं आणि माझी एक तरी वेल उघडून दाखवावी.