गॅरेजातल्या गोळ्या

आईचा फोन आला तेव्हा मी बीडच्या स्टँडवर गेवराईच्या गाडीची वाट बघत उभी होते. "मुनीर गेला गं... ट्यूबला ठिगळ लावता लावता छातीत कळ आली," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणाले. कुणी गेल्यावर बरं म्हणतात का? पण दुसरा शब्द सुचला नाही, आणि आता इतक्या आठवड्यांनी लिहायला बसले तरी धड सुचत नाही.

मुनीरचाचा तलवाड्यात आमच्या शेजारी राहायचे. पुढे गॅरेज, मागे घर. काही वर्षांपूर्वी आरोग्य केंद्राची माणसं त्यांच्याकडे येऊ लागली, तेव्हा गल्लीनं विचारलं, कुणाला काय झालंय? चाचांनी गॅरेजच्या दारात उभं राहून सांगून टाकलं, "मला टीबी झालाय. साध्या गोळ्यांना न ऐकणारा." मग ते मास्क लावून पंक्चर काढायचे. गिऱ्हाइकं तुटली. एका लग्नात त्यांना एकट्याला बाहेर ओट्यावर वाढलं... तिथंच बसून ते जेवले आणि जिलेबी पुन्हा मागून घेतली. पुढे ते बरे झाल्याचं कळलं, सगळं निवळलं, आणि गावात कुणाला तसला टीबी झाला की केंद्रातली सिस्टर त्याच्या गोळ्या चाचांकडेच ठेवू लागली. केंद्राच्या रांगेत उभं राहिलं की गावभर होतं. गॅरेजात कुणीही जाऊ शकतं. लोक धड चालणारी गाडी ढकलत आणायचे. चाचा पाना घेऊन उगाच खुडबूड करायचे आणि मधेच डोळ्यांसमोर गोळ्या गिळायला लावायचे.

माझे वडील, अप्पा, त्यांच्यातलेच. पहिल्या वेळी बरं वाटू लागल्यावर त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या आणि टीबी चिवट होऊन परत आला होता. नव्या गोळ्यांनी त्यांना मळमळायचं, तळपाय बधिर व्हायचे.

"लई गरम हायेत बे ह्या," अप्पा कुरकुरायचे.

"इंजन अर्धं बांधून गाडी पळती का, अप्पा? माझ्याकडं बघा. मी उठलो का न्हाई?"

"तू नको सांगू. तुझं पंक्चर दुसऱ्या दिशी परत निघतंय."

"म्हणून तर तुमी रोज येता!"

...आणि तेच चाचा असे गेले. कब्रस्तानातून परतताना गावात बोलणं सुरू झालं की गोळ्यांनीच मुनीरचं काळीज खाल्लं. अप्पांनी त्या दिवशी गोळ्या घेतल्या नाहीत. पुढेही नाहीत. सिस्टर म्हणाली, डॉक्टरांनी तुमचं हृदय तपासलंय, भिऊ नका. मीही समजावलं. अप्पा म्हणाले, "तू कालिजात शिकतीस, खरं हाय. पण मुनीर मेला का न्हाई?" आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तरी गोळ्यांचं पाकीट मी परत फळीवर ठेवलं. आता टीबी उलटला तर त्याच्यावर कुठली गोळी उरणार, हे कुणाला विचारायचीही मला भीती वाटत होती.

हे चाचींच्या कानावर गेलं. त्या इद्दतीत आहेत. नवरा गेल्यावर काही महिने परक्या पुरुषासमोर येत नाहीत. त्यांनी अप्पांना बोलावून घेतलं. आम्ही दारात बसलो, मधे पडदा.

"दादा, गोळ्या कावून सोडल्या?"

"भाबी, मुनीरचं बघितलं न्हवं..."

"त्यांनी तर एक गोळी खाल्ली न्हाई कधी." चाची पडद्याच्या जवळ सरकल्या. "बिमारी मला होती. माझं नाव झालं असतं तर पोरी कुणी केल्या असत्या? म्हणून त्यांनी सोताच्या अंगावर घेतली. गोळ्या मी खाल्ल्या, दादा. सगळ्या. मी जित्ती हाय."

अप्पा घेतील या आशेनं सोबत आणलेल्या गोळ्या मी त्यांच्या हातावर ठेवल्या. पडद्याखालून पाण्याचा तांब्या सरकत बाहेर आला.

गॅरेजचं शटर अजून बंद आहे. अप्पा रोज सकाळी त्या दाराशीच गोळ्या घेतात, आणि आता आपापल्या गोळ्या घेऊन आणखी दोघं त्यांच्याशेजारी बसतात. मला मात्र अजून खरं वाटत नाही... इतकी वर्षं शेजारी राहून आम्हाला काहीच कसं कळलं नाही? हे सगळं पेपरात लिहू का, असं परवा भीत भीत चाचींना विचारलं.

"लिही," पडद्यामागून त्या म्हणाल्या. "पोरी नांदायला लागल्या. माझी बिमारी तुझ्या चाचांच्या नावावर आता कावून ठेवायची?"