विमा कंपनीची पाहुणी

लेम्पी नीमेला स्वस्थ बसली आहे, असं मिशिगनातल्या हॅन्कॉक गावात कुणी पाहिलं नव्हतं. लाकडं फोडून झाली की बर्फ ओढायचा, तो संपला की शेजाऱ्याच्या दारातला. नवरा गेल्यापासून तर पायाला भिंगरीच. मग गेल्या नोव्हेंबरात हरणाला वाचवायला तिनं गाडी वळवली ती थेट झाडावर. कंबर गेली, उजवा खांदाही कामातून गेला.

मिशिगनात अपघातात चूक कोणाची हे न विचारता आपल्याच गाडीची विमा कंपनी दवाखान्याचं बिल भरते. घरी सांभाळायला माणूस लागलं, तर त्याच्या तासांचेही पैसे देते, मग ते माणूस घरचं का असेना. त्याच भरवशावर सून डार्लीन हॉटेलातली नोकरी सोडून सासूकडे राहायला आली होती. अंघोळ घालण्यापासून मोजे चढवण्यापर्यंत सगळं तीच करायची. लेम्पीच्या गळी मात्र हे उतरत नव्हतं. गाडी मी ठोकली, मग मला कसले पैसे, म्हणून ती येता-जाता कुरकुरायची.

आता कंपनीची तपासनीस येणार होती, मदतीची खरंच गरज आहे का ते बघायला. तिनं नाही म्हटलं की पैसे बंद, डार्लीन नोकरीवर आणि लेम्पी वृद्धाश्रमात. दुसरी वाट नव्हती.

"आई, खुर्चीतून हलायचं नाही," डार्लीननं बजावलं. "रोज जसं असतं तसंच दिसू दे तिला."

लेम्पीनं मान डोलावली. पण पाहुणी येणार आणि टेबलावर निसू नाही? वेलदोड्याचा हा गोड पाव आणि कॉफी दिल्याशिवाय तिकडची फिनिश बाई जप्तीला आलेल्या माणसालाही उठू देत नाही. त्या दिवशी सकाळी डार्लीन औषधं आणायला दूरच्या गावी गेली आणि लेम्पीला खुर्ची टोचायला लागली. डार्लीन परतली तेव्हा घरभर वेलदोड्याचा वास होता आणि ओटा लखलखत होता. तिनं कपाळावर हात मारला आणि आधी सासूचे कपडे बदलले.

रोंडा, ती तपासनीस, मोठी गोड बाई होती. पावाचे दोन तुकडे खाऊन तिनं विचारलं, कुणी केला? खोटं बोलणं लेम्पीच्या रक्तातच नव्हतं. मी, म्हणाली. दुखतं का? तसं फार नाही. या फिनिश लोकांचा पाय मोडला तरी ते हवापाण्याच्या गोष्टी करतात. रोंडानं ओट्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. डार्लीन दारात ओठ चावत उभी होती. मध्ये तोंड घातलं तर सासूला पढवलंय म्हणतील, या भीतीनं ती गप्प होती.

तेवढ्यात रोंडाचा कप रिकामा झाला. लेम्पीनं किटलीला हात घातला. किटली जराशी उचलली गेली आणि दाणकन खाली बसली. डाव्या हातानं उचलून पाहिली, तर सकाळी कणीक मळून सुजलेली बोटं मिटेनात. राहू द्या, मला पुरे झाली, असं रोंडा म्हणाली आणि उठायच्या बेतात आली. एकाच कपावर पाहुणी उठून चालली होती, म्हणजे पाहुणचार अर्धाच. लेम्पीच्या जिवाची नुसती तगमग झाली.

"बाई, बसा. तुम्हीच ओतून घ्या," ती खाली बघत म्हणाली. "माझ्याच्यानं होत नाही."

मग तीच पुढं म्हणाली, "पाव केला आणि तिथंच अडकले. मोरीपर्यंतही जाता आलं नाही. ही येईपर्यंत भिजल्या कपड्यांत बसून होते."

रोंडा परत खाली बसली. "आणखी काय काय होत नाही?"

लेम्पी सांगत गेली. अंघोळ, बटणं, केस, रात्री कूस बदलणं. हे सांगितल्यानंच आपल्याला घरी राहता येणार आहे, हे तिला कळत होतं. तरी परक्या बाईसमोर तिला रडू फुटलं, आणि काही केल्या ते आवरेना.