भोंग्याची कादंबरी आणि म्हंजे-सर

आमच्या सरांसमोर कुठलंही वाक्य बोलून सुखानं बसता येत नसे. "सर, ही कादंबरी हुकूमशाहीवर आहे." "म्हंजे?" "माणसाच्या स्वातंत्र्यावर." "म्हंजे?" तिसऱ्या 'म्हंजे'ला भल्याभल्यांची बोबडी वळायची. अख्खं कॉलेज त्यांना म्हंजे-सर म्हणे, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

आमचा वाद एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरून होता. तिच्यातल्या शहरात भोंगा वाजला की हातातलं काम टाकून सगळ्यांनी चौकात हजर व्हायचं. नायक मोठ्या हिकमतीनं शहराबाहेर निसटतो, आणि शेवटच्या पानावर भोंगा ऐकून परत फिरतो. समीक्षक म्हणत, भीती जिंकली. सरही तेच शिकवत आलेले. मी प्रबंधात लिहिलं, तो आपल्या माणसांसाठी परततो. सर माझे मार्गदर्शक, आणि ते प्रकरण काही मंजूर करेनात. "भित्रा हाय तो. तू उगं त्याचे लाड करू नको," म्हणायचे. प्रबंध अडकला आणि माझा जीव टांगणीला लागला.

त्या वर्षी दुष्काळ होता. शहर हर्सूलच्या पुढं पसरत चाललेलं, नळाला मात्र कधीतरीच धार. औरंगपुऱ्यात सरांच्या घरी आमचं असंच जुंपलेलं असताना गल्लीत आरोळी उठली, "नळ आले!" सर वाक्य अर्धं टाकून अनवाणीच पळाले. पाहते तर सरांच्या हातातला पाइप त्यांच्या स्वतःच्या हौदात नाही, शेजारच्या म्हाताऱ्या खालांच्या ड्रममध्ये. खाला दारातून ओरडत होत्या, "प्रोफेसरसाब, बातां बाद में, पैले पाइप पकडो!"

मी विचारलं, "सर, भीतीनं पळालात?"

"नाय गं, खालांचे गुडघे गेलेत, त्यांना कोण..." म्हणता म्हणता सर थांबले. मग असे हसले की पाइप सुटून आम्ही दोघंही चिंब झालो. प्रकरण मंजूर झालं.

निवृत्तीच्या सभेत सर म्हणाले, "इतकी वर्षं मी पोरांना त्या माणसाला भित्रा म्हणायला शिकवलं. त्याची माफी मागावी तर तो कागदावरचा. म्हणून या पोरीची मागतो." मला रडू आवरेना. खाली येऊन माझ्या कानात पुटपुटले, "रडतीस काय? मला पटलं, म्हंजे तुझं कुठंतरी चुकलं असणार. शोध."

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती कादंबरी मीच शिकवते, आणि माझं मत सगळे मुकाट्यानं लिहून घेतात. विरोध करायला सर नाहीत, आणि खरं सांगते, ते गेल्यापासून मला त्या मताची पूर्वीइतकी खात्री वाटत नाही.