चकलीचे काटे आणि फोटोचे वजन

बायकोने दिवाळीच्या फराळाची जाहिरात नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली, आणि कोकणातून माझ्या बहिणीचा फोन आला. "वहिनी, मघापासून नुसतं चक्र फिरतंय. चकली कुठाय?"

जाहिरातीतला चकलीचा फोटो आठ एमबीचा होता. मी तो लहान करायला बसलो. "चकलीचे काटे गेले तर याद राखा," बायकोने बजावले. ते काटे नीट दिसल्याशिवाय तिला पहिली ऑर्डर मिळणार नव्हती. तीनशे केबीचा फोटो मूळ फोटोशेजारी ठेवला. काटा न् काटा जागेवर! मला खुर्चीत बसवेना. म्हणजे बाकीचे वजन आपण उगाच पाठवत होतो? ते फोनाफोनांत पोचवायला कुठेतरी यंत्रे तापतात, त्यांच्या विजेसाठी कोळसा जळतो. मग बातमी वाचताना मध्येच उड्या मारणाऱ्या त्या सगळ्या जाहिराती अशा हलक्या केल्या तर? हिशेबाला माझी बोटे शिवशिवू लागली.

तेवढ्यात बायकोने तो हलका फोटो ग्रुपवर टाकलाही, आणि पुन्हा बहिणीचा फोन. "दिसली गं, लगेच! काटे बघूनच तोंडाला पाणी सुटलं. दोन किलो पाठव."

बायकोने हसत कढई चढवली. चकलीसाठी जाळ लागावा तो एवढाच, कढईखालचा.