स्टॉपवॉच माझ्या हातात होतं

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आम्ही चार निवृत्त मित्र दोन दिवस पिपरी मेघे गावाजवळच्या, प्लॉट पाडलेल्या पण रिकाम्या लेआउटच्या गोल रस्त्यावर एकाची लाल स्पोर्ट्स कार आळीपाळीने पळवत होतो. मध्येमध्ये तर्री-पोहे, आणि हसून हसून पोट दुखलेलं.

“काऊन बे, बैलबंडी हाकून राह्यला का?” गाडीमालक मला चिडवायचा.

शेवटी एकेका फेरीची शर्यत लागली आणि त्याची वेळ मी मोजली. तो माझ्याहून वेगवान होता, पण मी थांबवायचं बटण मुद्दाम उशिरा दाबलं आणि जिंकलो. सगळे नाचले, तोही.

“माहे हात थकले, गड्या,” म्हणत त्याने महिन्याभरात गाडी विकली.

आता तो नाही. “तू हरला नव्हता, मले माफ कर,” हे सांगायला तो असताना कितीदा त्याच्या घरी गेलो आणि नुसता चहा पिऊन परतलो.