उजव्या कानामागची जागा

मला फिट येते हे मला लोकांनी सांगितलं म्हणून माहीत. मी स्वतः ती कधी पाहिली नव्हती. पोटातून काहीतरी सरसर वर चढायचं, छातीशी यायचं, आणि एकदम घड्याळ दोन-तीन मिनिटं पुढं गेलेलं असायचं. हातातला चहा सांडलेला, आणि समोर सासूबाई णमोकार मंत्र पुटपुटत उभ्या. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. "काय केलं मी?" असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "काय न्हाय गं. गप बसतीस. तोंड हलवतीस नुसतं."

तीन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, फरक शून्य. निपाणीत मी शाळामास्तरीण, वर्गात निदान पोरं धावत जाऊन शेजारच्या बाईंना बोलवायची. पण एका दुपारी मी पोरीला कडेवर घेऊन हायवेच्या सर्व्हिस रोडवर मधोमध उभी सापडले. ट्रकवाल्यानं ब्रेक मारून शिव्या घातल्या म्हणे, मला एकही ऐकू आली नाही. त्या दिवसापासून चार वर्षांची पोर माझ्याकडं एकटी द्यायची बंद झाली. माझीच पोरगी, आणि तिला न्हाऊ घालताना माझ्यावर राखण! लई संताप व्हायचा. बेळगावच्या डॉक्टरांना मी पहिल्याच भेटीत सांगितलं, "डोकं फोडायचं तर फोडा, पण माझी पोर मला परत द्या."

डॉक्टर धारवाडकडचे, शांत माणूस. म्हणाले, फिट कुठून सुटते ती जागा आधी नक्की सापडली पाहिजे. त्यासाठी एक स्कॅन मेंदूची ठेवण दाखवणारं, एक मेंदू कुठं साखर कमी खातो ते दाखवणारं, एक मी मनात बोलताना कुठला भाग जागा होतो ते दाखवणारं. शिवाय डोक्याला तारा चिकटवून, गोळ्या कमी करून, कॅमेऱ्यासमोर मुद्दाम फिट येऊ द्यायची. मग ही सगळी चित्रं कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायची. मी सातवीच्या पोरांकडून बटर पेपरवर नकाशे काढून घेते, एकावर नद्या, एकावर पिकं, तसंच हे. फक्त नकाशा माझ्या डोक्याचा. आणि आम्ही सीमाभागातली माणसं, नकाशावर रेघ ओढायची म्हटली की आम्ही आधी आपलं गाव कुठल्या बाजूला पडतंय ते बघतो.

वॉर्डात चार दिवस राहिले. सोबतीला आत्ती. दोन फिट आल्या. पाचव्या दिवशी डॉक्टर खुर्ची ओढून बसले, आणि त्यांचा चेहरा बघूनच मी समजले. चित्रं जुळत नव्हती. पहिली दोन्ही स्कॅन उजवीकडं बोट दाखवत होती. तारांचा आलेख क्षणात दोन्हीकडं पसरायचा, तो धड सांगेना. माझी भाषा, मराठी काय नि कन्नड काय, डावीकडं होती. आणि फिटमध्ये माझी वाचा जाते, मी नुसते ओठ हलवते, ही खूण पण डावीकडची. "सगळी एकाच जागेवर बसल्याशिवाय मी सुरी उचलणार नाही," ते म्हणाले. "चुकीच्या बाजूला हात घातला तर तुमचं बोलणं जाईल."

मास्तरणीचं बोलणं! पोर पण गेली आणि ऑपरेशन पण गेलं. मी हट्टच धरला, मला ते व्हिडिओ दाखवा. माझी फिट मीच बघितलेली नाही, हा कुठला न्याय?

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. पडद्यावर मी होते. तारांच्या टोपड्यात, पलंगावर मांडी घालून. आधी मी थांबले. मग डाव्या अंगाच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, पदर सारखा केला, आणि पलंगावरची चादर हातानं साफ केली, कोणी बसायला आलं की करतो तशी. ओठ हलत होते. आवाज मात्र सगळा आत्तींचा, णमोकाराचा, इतका मोठा की खिडकी हादरावी.

"परत लावा," मी म्हणाले. तिसऱ्यांदा बघताना माझे ओठ मला वाचता आले. माझं माहेर चिकोडीकडचं, तिथं घरात कन्नड. आई गेल्यावर, म्हणजे मी नववीत असल्यापासून, त्या शब्दांनी मी कुणालाच हाक मारलेली नाही. "बा अव्वा. कूड. ऊटा आतेन?" ये आई. बस. जेवलीस का?

मी आत्तींकडं वळले. "आत्ती, मी बोलते?"

आत्तींनी आधी दाराकडं बघितलं. "ते बंद करा हो डॉक्टर," म्हणाल्या. मग खालीच बसल्या. "लग्नाच्या दुसऱ्या म्हैन्यापास्नं. सपष्ट बोलतीस. तुला कळलं तर तू तिच्यामागनं जाशील, म्हणून न्हाय सांगितलं. मेलेली माणसं न्यायलाच येत्यात. घरात समद्यांना शपथ घातली, अन् मी हळू मंत्र म्हणायची. हितं सगळ्या नर्सांना कन्नड येतंय, म्हणून मोठ्यानं म्हटलं." आणि त्या रडायलाच लागल्या. पंधरा वर्षं ही बाई माझ्या आईला माझ्यापासून मंत्रानं थोपवत होती, आणि मी तिला आतल्या आत कटकट म्हणत होते.

डॉक्टर मात्र खुर्चीतून उठलेच. "बोलतात? शब्द कळतात? व्हेरी गुड!" माझी मेलेली आई येऊन बसते, आणि हे म्हणतात व्हेरी गुड! पण त्यांचं बरोबर होतं. फिट चालू असताना भाषा शाबूत राहते, म्हणजे आग भाषेच्या बाजूला लागलेली नसते, बहुतेक दुसरीकडं असते. दोन दिवसांनी तिसरी फिट आली. या वेळी आत्ती तोंडात पदर कोंबून गप्प बसल्या. माझा आवाज कॅमेऱ्यात स्वच्छ उतरला, आणि तारांचा आलेखही या वेळी उजवीकडून सुटताना दिसला.

मग त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. करड्या मेंदूवर एक रंग आला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि सगळे उजव्या कानामागं आत, चिंचोक्याएवढ्या जागेत एकमेकांवर बसले. भाषेचा रंग पलीकडं, लांब. मी त्या चिंचोक्याकडं बघत राहिले. माझ्या मनात एकच आलं, आई इथं बसते.

"ही काढली की ती यायची बंद?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. "फिट थांबली तर बोलणंही थांबेल," म्हणाले.

मी सही केली. एकीकडं पोर, एकीकडं आई, आणि आईची तर मला एकही भेट आठवत नव्हती. जिची भेट आठवतच नाही तिच्यासाठी पोर सोडायची का?

ऑपरेशनला आता आठ महिने झाले, फिट नाही. गोळ्या चालू आहेत, पण पोरीचं बोट धरून मी एकटी बाजारात जाते, तिला न्हाऊ घालते, रागावते सुद्धा. गेल्या आठवड्यात दुपारी मी आणि आत्ती शेंगा फोडत बसलो होतो. धीर करून विचारलंच. "अव्वा तुम्हाला दिसायची का हो?"

आत्ती शेंगा फोडतच राहिल्या.

"न्हाय गं. मला काय दिसतंय," त्या म्हणाल्या. "पर तू तिच्याकडं बघायचीस न्हवं, ते दिसायचं. पंधरा वर्सं बघत आले तुला. तसं तू आमच्यातल्या कुणाकडं बघितलं न्हाईस. पोरीकडंबी न्हाय."